गुरुजींशी कट्टी

गुरुजींशी कट्टी घेतल्याचं अश्विनीनं जाहीर केलं तेव्हा तिचा बाप भिमाजी गाईची धार काढत होता. त्याचे हात थांबले. गाईनं मान वळवून पाहिलं, म्हणून पुन्हा सुरू झाले.

"कुणासंगं?"

"गुरुजींसंगं."

"गुरुजींसंगं कट्टी घेत असत्यात का कुठं?"

"मी घेतली," अश्विनी म्हणाली आणि उजव्या हाताची करंगळी हनुवटीला लावून तिनं पुढे झटकून दाखवली. "आशी. समोर हुबं राहून. त्यांनी बघितली."

राजुरीच्या पुढे मळ्यात जी दोन खोल्यांची शाळा होती, तिथे अश्विनी चौथीला होती. पहिली-दुसरी उज्ज्वलाबाईंकडे आणि तिसरी-चौथी सावळेराम गुरुजींकडे. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असते आणि त्या वर्षी शाळेचं नाव काढायचंच, असं गुरुजींनी मनावर घेतलं होतं. त्यांनी हुशार म्हणून पाच मुलं निवडली, त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि नियम केला की शाळेच्या वेळेत व्हरांड्यानं खोलीशी बोलायचं नाही. अश्विनी व्हरांड्यात आली. साळू खोलीत राहिली.

साळूचं घर आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वर, डोंगरात. भात झोडून झालं की तिचा बाप जानकू बायकापोरांसकट खाली कांदा लावणीला यायचा आणि होळीपर्यंत भिमाजीच्या मळ्यातल्या छपरात राहायचा. तेवढे महिने साळू ह्या शाळेत बसायची. ती मोठ्यांदा हसायची, सागरगोट्यात चिडायची आणि चिडले नाही म्हणून विद्येची शपथ घ्यायची. अश्विनीला ती लई आवडायची.

"गुरुजी काय म्हणले?" भिमाजीनं विचारलं.

"म्हणले, साळू काय, होळीला घरी जाणार. तिच्या नादी लागून तुला काय उपेग?"

"बरोबरच हाये की, बाळा."

"जाणार हाये म्हणून तर शेजारी बसायचंय," अश्विनी म्हणाली. "ऱ्हाणाऱ्यांच्या शेजारी काय, कवाबी बसता येतं."

बादली भरली होती, म्हणून भिमाजी उठला.

त्या शाळेत कट्टीचा कायदा पक्का होता. आपण ज्याच्याशी कट्टी घेतली त्याच्याशी जो बोलेल, त्याच्याशीही आपली कट्टी. ती मोडायची तर चूक करणाऱ्यानं शेजारची दोन बोटं जोडून पुढे करायची आणि समोरच्यानं आपली दोन बोटं त्याला टेकवायची. ती बट्टी. हा कायदा भिमाजीला माहीत होता, कारण लहानपणी तोही त्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकला होता. फक्त तो आपल्यालाही लागू होईल हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेअरीवर कॅन घेऊन रांगेत उभा होता. गुरुजी रतिबाचं दूध न्यायला आले.

"भिमाजी, जरा इकडे या. तुमच्या मुलीचा सामाजिक आणि भावनिक विकास मागे पडलाय."

भिमाजी घाबरला. "एखादा डोस ऱ्हायलाय का, गुरुजी? आमी समदे दिल्याले हायेत."

"डोस नाही हो. आळेफाट्याला आमचं प्रशिक्षण झालं, त्यात हेच शिकवलं. ह्या वयात मुलानं चारचौघांत मिसळावं, राग आवरावा, निरनिराळ्या स्वभावाच्या माणसांशी जमवून घ्यावं. तुमची मुलगी माझ्याशी बोलत नाही. हजेरी घेतली तर हात वर करते. तोंड उघडत नाही."

"मग मारली का तुमी?"

"नाही. प्रशिक्षणात त्याला मनाई केलीय," गुरुजी म्हणाले. ह्या वाक्यात थोडी हळहळ होती.

गुरुजी दिसले की भिमाजीचे हात अजूनही आपोआप जोडले जायचे. तसे ते जोडले गेले. "मी समजावतो तिला," तो म्हणाला.

रांगेत कॅन घेऊन उभी असलेली चार-दोन पोरं हे सगळं बघत होती.

संध्याकाळी अश्विनी गोठ्यात आली नाही. रोज ती धारेच्या वेळी दावणीवर बसायची आणि शाळेत काय काय झालं ते पहिल्या प्रार्थनेपासून सांगायची. कुणाचं दप्तर फाटलं, कुणाला उलटी झाली, पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते. चौथीची अर्धी पुस्तकं भिमाजी त्या गोठ्यातच शिकला होता. आज नुसता दुधाचा आवाज. बऱ्याच वेळानं ती दारात आली आणि गाईशी बोलली.

"गंगे, आपल्या घरातल्या एकाला सांग, आजी च्याला बोलावतीय."

"आगं, पण मी काय केलं?"

अश्विनीनं करंगळी दाखवली आणि ती निघून गेली.

चहा पिताना त्यानं बायकोला सांगितलं. लंका भाकरी थापत होती. "तुमी गुरुजींसंगं बोललाच कशाला?"

"त्यांनी हाक मारली तर काय तोंड फिरवू?"

"फिरवायचं."

"मग तू बी माझ्यासंगं बोलतीयास. तुझ्यासंगं न्हाई का कट्टी?"

"मला सूट हाये," लंका म्हणाली. "भाकरी कोण थापल मग?"

भिमाजीची आई प्रयागबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. "पोर बरोबर वागतीय," ती म्हणाली. "आमी जावा-जावा न्हाई का? नणंद बयाबाईचं लगीन लागायच्या साली अबोला धरला, तो आजपातुर. कुणाचं काय आडलं?"

"कशावरून धरला व्हता, आई?"

"ते आता कुणाला आठवतंय. पण मोडायचा कुणी?"

कट्टी एवढ्यावरच राहिली असती. पण दिवस बोरांचे होते आणि शाळेमागचं बोरीचं झाड भिमाजीच्या बांधावर होतं. मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्या झाडाखाली असायची. अश्विनीनं झाडाला पाठ टेकून सांगून टाकलं की जे गुरुजींशी बोलतात त्यांच्याशी तिची कट्टी आहे आणि कट्टीवाल्यांना ह्या झाडाची बोरं चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी चौथी गप्प झाली. मग तिसरी. मग बाईंच्या खोलीतली बारकी पोरंसुद्धा, ज्यांचा गुरुजींशी फारसा संबंधच नव्हता, गुरुजी दिसले की ओठ मिटून घेऊ लागली. गुरुजी हजेरी घेत आणि खोलीत हातांचं रान उठे. ते प्रश्न विचारत आणि मुलं पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरत. उत्तरं बरोबर असत, त्यामुळे कुणाला शिक्षाही करता येईना.

खरी पंचाईत वेगळीच झाली. गुरुजी आणि बाई एकमेकांशी बोलत नव्हते. दोन वर्षांपूर्वी शाळेला हातांची एकच खुर्ची आली होती आणि ती कुणाच्या खोलीत जावी ह्यावरून त्यांचं बिनसलं होतं. तेव्हापासून शाळेचा सगळा कारभार मुलांच्या तोंडून चालायचा. "बाईंना सांग, खडू पाठवा." "गुरुजींना सांग, मागचे कुठे गेले ते आधी सांगा म्हणावं, खाल्ले का?" निरोप नेणारं पोर त्यातला निम्मा राग वाटेत व्हरांड्यातच सांडायचं आणि पलीकडे जाऊन म्हणायचं, "बाई म्हणत्यात, देते." दोन वर्षं शाळा शांततेत चालली ती त्या सांडलेल्या निम्म्या रागामुळे. आता निरोपच बंद पडले.

अशात बाईंना कुठूनसं कळलं की उद्या केंद्रप्रमुख साहेब शाळा बघायला येणार आहेत. त्यांनी दुसरीतल्या आदेशला हाक मारली. "जा, गुरुजींना सांग, उद्या साहेब येणार आहेत."

आदेश गेला. गुरुजींसमोर उभा राहिला. गुरुजींनी विचारलं, "काय रे?" आदेशनं त्यांच्याकडे मन लावून पाहिलं आणि तो परत आला.

"सांगितलंस का?"

"गेलो व्हतो," आदेश म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा गुरुजी मुलांना गणितं घालून फाट्यावर स्कूटरचं पंक्चर काढायला गेले होते. साहेबांना व्हरांड्यात पाच मुलं दिसली आणि खोलीत बाकीची. त्यांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. साहेबांशी कुणाची कट्टी नव्हती. कितीतरी दिवस तोंडात अडकलेले शब्द धडाधड बाहेर पडले. मुलांनी पाढे म्हटले, कविता म्हटल्या, न विचारलेलंही सांगितलं.

"घोड नदी कुठून येते?"

"आमच्या घरावरून," साळू मागून म्हणाली. सगळे हसले. साहेबही हसले.

"वा. फारच मोकळी मुलं आहेत," ते दारात उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले. तेवढ्यात गुरुजी धापा टाकत आत शिरले. साहेब वळले. "या गुरुजी, या. आताच तुमच्या मुलांचं कौतुक करत होतो."

खोली नळ बंद केल्यासारखी गप्प झाली.

"हां, बाळ, तू सांग," साहेबांनी अश्विनीला विचारलं. "एकोणीसचा पाढा येतो?"

अश्विनीनं त्यांच्याकडे जरा वाईट वाटल्यासारखं पाहिलं आणि करंगळी वर केली. तिच्यामागे दुसरी करंगळी वर झाली. मग तिसरी. बघता बघता जवळजवळ सगळ्या खोलीत करंगळ्या उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनाच एकदम लागली?" साहेब म्हणाले. "बरं, जाऊन या."

कुणीही हललं नाही.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. ते गुरुजींनी पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाईंकडे थेट तोंड केलं.

"हसताय काय? साहेब येणार हे माहीत होतं ना तुम्हाला? सांगता आलं नाही?"

"निरोप पाठवला होता. तुमच्याशी कुणी बोलेना, त्याला मी काय करू?"

"आणि तो एवढासा मुलगा पाठवलात? तुम्हाला चार पावलं चालता येत नव्हती?"

"खुर्ची उचलून न्यायला आला होतात तेव्हा बरी चालता येत होती तुम्हाला."

बारकी पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. हा राग पुरा, न सांडलेला, त्यांनी प्रथमच पाहिला.

साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि प्रकरण काय ते विचारलं. गुरुजींनी अश्विनीकडे बोट दाखवलं. "ह्या मुलीनं सगळी शाळा बिघडवलीय. हिचे वडील शेजारच्या वावरातच आहेत. त्यांना बोलवा. त्यांचं ऐकेल ती."

भिमाजी कांद्याच्या वाफ्यातून तसाच आला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणून तो दाराबाहेरच उभा राहिला.

"तुम्ही वडील ना?" साहेब म्हणाले. "तिला सांगा, गुरुजींशी बोल म्हणून. एक शब्द सांगा आणि विषय संपवा."

अश्विनी खिडकीबाहेर बघत होती. त्यानं सांगितलं असतं तर ती बोलली असती, हे त्याला माहीत होतं. त्यानं तिला कधी कशाला बळजबरी केली नव्हती, म्हणून तर पहिल्याच बळजबरीला ती मोडली असती. मग तिला साळूशेजारची जागा मिळाली नसती आणि त्याला गोठ्यातली शाळा.

गेल्या पावसाळ्यात भिमाजीचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घरात सगळे म्हणाले होते, पोरीला जवळ येऊ देऊ नका, म्हातारा काही राहत नाही, उगाच तिच्या मनाला लागेल. तिला लोणीला मामाकडे धाडली होती. ती परत आली तेव्हा आज्याची खाट धुऊन भिंतीला उभी करून ठेवलेली होती. खाटेकडे एकदा बघून ती अंगणात खेळायला गेली होती. भिमाजीला वाटलं होतं, लहान आहे, विसरली.

"साहेब," तो म्हणाला, "तिला साळूपाशी बसवा. बोलंल ती."

"अहो, मी तिच्याच भल्यासाठी वेगळं बसवलंय," गुरुजी म्हणाले. "बापच असा मऊ असल्यावर मुलीचा विकास कसा व्हायचा?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पालकांनी शिक्षकांच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे."

भिमाजीनं हात सदऱ्याला पुसला. हात जोडले जातील असं गुरुजींना वाटलं असावं, कारण ते थोडे सैलावले. भिमाजीनं करंगळी काढली, हनुवटीला लावली आणि गुरुजींच्या दिशेनं झटकली.

"दादा," अश्विनी हळूच बापाला म्हणाली, "डाव्या हाताची चालत न्हाई."

भिमाजीनं उजव्या हाताची झटकली.

गुरुजी म्हणाले, "भिमाजी, अहो, वाडीवस्तीवरची माणसं काय म्हणतील? तुम्ही माझ्याशी बोलणार नाही?" भिमाजीनं छपराकडे पाहिलं. "भिमाजी, मी तुमच्याशी बोलतोय." भिमाजी अजून छपराकडेच बघत होता. त्याची मान खाली आली नाही.

"हे मिटणार कसं, एवढं कुणी सांगेल का मला?" साहेब म्हणाले. "अजून दोन शाळा बघायच्यात मला."

कसं मिटतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण सांगणार कोण? मुलांची गुरुजींशी कट्टी होती. साहेब गुरुजींशी बोलल्यामुळे साहेबांशीही होती आणि नुकतंच भांडण झाल्यामुळे बाईंशीसुद्धा. भिमाजीला बोलायची आता सोय नव्हती. लहान मुलांनी केलेला कायदा अशा जागी येऊन पोचला होता की त्या शाळेत कुणालाच कुणाशी बोलता येत नव्हतं.

तेव्हा मागच्या भिंतीपासून साळू उठली. तिची कुणाशीच कट्टी नव्हती. ह्या सगळ्या गडबडीत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"गुरुजी, मी सांगते," ती म्हणाली. "लई सोपं हाये. ही दोन बोटं अशी जोडायची आन् पुढं करायची. मग झालं."

"कुणापुढे?" गुरुजींनी विचारलं.

"माझ्यापुढं करा. मला खोलीत ठिवली ना तुमी."

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सावळेराम गुरुजींनी, ज्यांच्यापुढे त्या मळ्यातल्या दोन पिढ्या हात बांधून उभ्या राहिल्या होत्या, खडूनं पांढरी झालेली दोन बोटं जोडली आणि डोंगरातून कांद्याला आलेल्या पोरीपुढे धरली. साळूनं आपली दोन बोटं टेकवली आणि ती मोठ्यांदा हसली. मग जो गलका उठला, त्यात साहेब निरोप घेऊन गेले ते कुणाला ऐकूही आलं नाही.

व्हरांडा रिकामा झाला. अश्विनी खोलीत मागच्या भिंतीपाशी साळूशेजारी जाऊन बसली. बाई आणि गुरुजी बराच वेळ भांडत राहिले, पण समोरासमोर, आणि शेवटी खुर्ची कुणाचीच नको म्हणून ती बाहेर ठेवली गेली. भिमाजी वावरात परत गेला आणि त्यानं दुपारपर्यंत कांद्याचा एक वाफा इतका वाकडा लावला की जानकूला तो पुन्हा लावावा लागला.

संध्याकाळी तो धारेला बसला आणि कान दाराकडे लावून राहिला. अश्विनी आली, दावणीवर बसली. तिनं प्रार्थनेपासून सांगायला सुरुवात केली. साहेब कसे आले, करंगळ्या कशा वर झाल्या, बाई काय म्हणाल्या. त्यापुढचं सगळं भिमाजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तो मध्ये मध्ये "मग?" म्हणत होता. गाय निवांत रवंथ करत होती.

"मग दुपारी?" त्यानं विचारलं. "बसली का साळूपाशी?"

"बसले."

"आता खूश ना?"

"साळूशी कट्टी हाये," अश्विनी म्हणाली.

भिमाजीचे हात थांबले. "आगं, आता काय झालं?"

"मला न इचारता तिनं गुरुजींसंगं बट्टी केली. भांडले मी, आन् ही मदीच उठून बोटं टेकवती."

भिमाजीनं थोडा विचार केला. "मग उद्या जानकूसंगं मी बोलायचं का न्हाई? कांद्याचं काम हाये म्हणून इचारतो."

"बोला. पण लई हसू नका त्याच्यासंगं."

"बरं. आन् गुरुजींना सांगून तुझी जागा बदलून घिऊ का?"

"आजाबात न्हाई," अश्विनी ताठ बसून म्हणाली. "होळीपातुर मी तिथंच बसणार. शेजारी बसल्याबिगर तिला कळंल कसं, मी बोलत न्हाई ते?"